एकाच वेशीतून सात वेळा

१४.५३

"परत इटली का गं?" दिगंबरने न्हाणीघरातून विचारलं.

"परत इटली," पद्मिनी म्हणाली आणि पोस्टमनने पुढे धरलेल्या कागदावर तिने सही केली. पोस्टमन दोन पावलं मागे सरला, वाकला आणि गेला. नोव्हेंबरपासून तो चौथ्यांदा येत होता आणि दर वेळी तितकाच वाकत होता, जणू आतला मजकूर त्यानेच लिहिला होता.

पाकीट लांबट, पांढरं. कोपऱ्यात तटबंदीचं चित्र आणि खाली गावाचं नाव, रोक्काल्बा.

पहिलं पाकीट आलं तेव्हा दोघं पोट धरून हसले होते. मे महिन्यात, जपानात सगळ्यांनाच सुट्टी असते त्या आठवड्यात, लग्नाला तेहेतीस वर्षं झाली म्हणून सबनीस पतीपत्नींनी इटलीतली डोंगरावरची जुनी गावं गाडीने पालथी घातली होती. दहा दिवसांत बारा गावं. दिगंबर गाडी चालवायचा, पद्मिनी मांडीवर नकाशा घेऊन शेजारी. आणि आता सहा महिन्यांनी त्यातल्या एका गावाने उरायासुमधलं चौथ्या मजल्यावरचं त्यांचं घर शोधून काढून कळवलं होतं, की तुमची गाडी आमच्या जुन्या वेशीतून आत आली. तिथे फक्त गावकऱ्यांच्या गाड्यांना मुभा आहे. कॅमेऱ्याने टिपलेलं आहे.

दंडाचं दिगंबरला काही वाटलं नव्हतं. लागलं ते लायसन्सच्या बाबतीत. जपानात पाच वर्षं एकही चूक न करणाऱ्या चालकाच्या लायसन्सवर सोनेरी पट्टी येते. दिगंबरची पट्टी वीस वर्षं टिकून होती. पद्मिनीच्याही लायसन्सवर होती, पण तिने लायसन्स काढल्यापासून चाकाला हातच लावला नव्हता. "माझं सोनं कमावलेलं, तुझं फुकटचं," असं तो चारचौघांत म्हणायचा आणि ती म्हणायची, "फुकटचं असो, तुमच्याइतकंच पिवळं आहे." इटलीतली चूक इथे धरतात का, हे त्याने तीन ठिकाणी विचारून घेतलं. नाही धरत म्हटल्यावर पाकिटाला दोन भोकं पाडून ते 'इटली' नावाच्या फायलीत लावून टाकलं. दुसरं आणि तिसरं आलं तेव्हा म्हणाला, "तिकडचं सरकारी काम. तेच तेच पाठवत बसलेत." तिने ते ऐकून घेतलं. घरातले कागद तोच बघायचा. सव्वीस वर्षं जपानी कंपनीत काढलेला माणूस, ऑफिसात सगळे त्याला दिगा-सान म्हणायचे आणि दिगा-सानच्या फायलीत कधी कागद उलटा लागलेला कुणी पाहिला नव्हता.

आज तो अंघोळीला होता म्हणून पाकीट तिने उघडलं.

इटालियन मजकुराखाली मोडकंतोडकं इंग्रजी होतं. एक चौकट. तारीख, वेळ, वेस, गाडीचा नंबर. तारीख ६ मे.

सहा मे तिच्या लक्षात होती. त्या दिवशी ती गाडीत नव्हतीच.


६ मे, ती जशी दोघांना आठवत होती

पद्मिनीला एकोणचाळीस ताप. डोंगराच्या पायथ्याशी एका शेतघरात ते उतरले होते, ती तिथल्या खोलीत जाड गोधडीखाली. दिगंबर दीड वाजता औषध आणायला वरच्या गावात गेला. वीस मिनिटांवरचं गाव. दोघांत एकच इटालियन सिमकार्ड होतं, ते घातलेला फोन त्याने तिच्या उशाशी ठेवला. संध्याकाळी सव्वासहाला परत आला. हातात औषध आणि कागदी पिशवीत स्ट्रॉबेऱ्या. इतक्या मऊ पडलेल्या, की पिशवीचा तळ लाल होऊन फाटायला आलेला.

दुकान दुपारी बंद असतं, चारनंतर उघडतं, असं तो म्हणाला. मग काय केलंत इतका वेळ? चौकात बसलो.

त्या चौकाची गोष्ट हीच त्यांच्या सहलीची सगळ्यात चांगली गोष्ट ठरली होती. दिवाळीला जमलेल्या मंडळींना त्याने ती दोनदा सांगितली, आग्रहावरून. चौकात एक म्हातारा, त्याचं एका डोळ्याचं कुत्रं. म्हाताऱ्याला इंग्रजी नाही, ह्याला इटालियन नाही. म्हातारा नुसत्या हाताने बोलायचा. दिगंबर उभा राहून तो हात करून दाखवायचा. सरळ पुढे. मग हलकेच डावीकडे. मग तळवा खाली दाबून, थांब. "सगळं आयुष्य सांगितलं बघा त्याने मला, एका हाताने," असं तो म्हणाला की लोक हसायचे आणि पद्मिनीला वाटायचं, मी तापात पडले नसते तर मलाही तो म्हातारा भेटला असता.

तिने फाईल काढली. आधीची तिन्ही पत्रं शेजारी ठेवली.

६ मे, १५.२०.
६ मे, १४.१२.
६ मे, १६.४०.

आणि आजचं, १४.५३. वेस एकच.

तेच तेच पाठवलेलं नव्हतं. चार वेगळ्या वेळा होत्या. आणि त्या सगळ्या वेळी दिगंबर चौकात बसलेला होता.

तो डोकं पुसत बाहेर आला. "काय म्हणतायत?"

"तेच," ती म्हणाली, आणि पत्राला भोकं पाडून त्याच्यासारखंच नीट लावून ठेवलं. एक भोक जरा तिरकं पडलं.


१४.३१ आणि १५.५८

पाचवं आणि सहावं एकाच दिवशी आलं. दिगंबर कामावर होता. साठीनंतर कंपनीने त्याला आठवड्यातले तीन दिवस ठेवून घेतलं होतं आणि तो जाताना अजूनही तीच लोकल, तोच डबा, तोच दरवाजा पकडायचा.

मधल्या दोन आठवड्यांत पद्मिनीच्या मनात काय काय येऊन गेलं, ते तिने पुढेही कुणाला सांगितलं नाही. बाई, हेच आधी आलं. त्या डोंगरावरच्या गावात दिगंबरची कुणी बाई आहे, हे इतकं हास्यास्पद होतं की ती शाळेच्या स्वयंपाकघरात गाजरं चिरता चिरता एकटीच हसली होती. तिथे ती चार तास भाज्या चिरायची. तुकडा एक सेंटिमीटरचाच लागायचा, आणि त्या दिवशी शेजारच्या बाईने तिच्या पाटावरचे तुकडे न बोलता पुन्हा चिरून घेतले होते.

आता तिने जेवणाच्या टेबलावर सहा पत्रं वेळेप्रमाणे मांडली.

१४.१२
१४.३१
१४.५३
१५.२०
१५.५८
१६.४०

पहिल्यांदा एकोणीस मिनिटं. मग बावीस. मग सत्तावीस, अडतीस, बेचाळीस. अंतर वाढत गेलं होतं.

फोनवर तिने त्या गावाचा रस्ता मोठा करून बघितला. वेशीतून आत गेलं की एकेरी रस्ता. तो गावातून वळत वळत खालच्या दारातून बाहेर टाकतो. बाहेर तटाला लागून एक रस्ता आहे, तो फिरून पुन्हा वरच्या वेशीशी येतो. खालच्या दाराजवळ एक फाटा आहे. शेतघराकडे जायला तिथे उजवीकडे वळायचं. वळलं नाही तर तटाभोवती फिरून पुन्हा वेस. फाट्यावर पाटी होती, फोटोत स्वच्छ दिसत होती.

सहा वेळा तो त्या पाटीसमोरून गेला होता.

पद्मिनी खुर्चीत बसली. मग उठून उभी राहिली. मग परत बसली. इटलीतले बाकीचे नऊ दिवस तिला आठवायला लागले, आणि एकेका दिवसातून तिचा स्वतःचाच आवाज ऐकू यायला लागला. आता डावीकडे. पुढच्या चौकात सरळ. अहो, ते नाही, त्याच्या पुढचं. इथेही, रविवारी बाहेर पडलं की तेच. कधीपासून ती सांगत आली होती? तिला वाटायचं आपल्याला बडबडायची सवय आहे. दिगंबरही म्हणायचा, तू असताना गाडीत वेगळं यंत्र कशाला.

त्या गावात कुणी बाई असती तर तिला कडकडून भांडता तरी आलं असतं.

मग तिला शनिवार आठवला. शनिवारी गाडीत ती नसायची. शनिवारी गाडीत मुलं असायची.


शनिवार, सकाळी ९.४०

सोनल नावाची एक उत्साही मुलगी शनिवारी उरायासुच्या सार्वजनिक सभागृहात मराठी शाळा चालवायची. इचिकावात राहणाऱ्या तीन मुलांना आणायचं काम दिगंबरने दीड वर्षापूर्वी आपणहून अंगावर घेतलं होतं. गाडी सात जणांची होती, मुलगी केतकी कोबेला नोकरीला गेल्यापासून मागच्या जागा रिकाम्याच असायच्या.

सोनलला लाडू द्यायचेत, म्हणून पद्मिनी त्या दिवशी बरोबर निघाली. जाताना इचिकावापर्यंत तिने नेहमीसारखं सांगितलं. सांगताना प्रत्येक शब्द तिला स्वतःच्या कानात ऐकू येत होता. तिन्ही मुलं चढली, पट्टे लागले, आणि तिने ठरवलं की आता बोलायचं नाही.

जीभ दातांखाली धरून ती बसली.

सात-आठ मिनिटं सगळं सुरळीत. मग एका कोपऱ्यावर निळ्या पाटीचं चोवीस तास उघडं दुकान आलं, कोनबिनी, बाहेर कॉफीचा झेंडा लावलेली. गाडी डावीकडे वळली. पुन्हा डावीकडे. पुन्हा. तीच कोनबिनी, तोच झेंडा.

"एक!" मागून तिन्ही मुलं एकदम म्हणाली.

पद्मिनीने मान वळवली. इचिकावातली ही मुलं घरीसुद्धा जपानीतच उत्तरं द्यायची. त्यांच्या आया त्यावरून रडकुंडीला यायच्या. आणि इथे खणखणीत मराठी.

गाडी फिरली. कोनबिनी आली.

"दोन!"

दिगंबरने आरशातून मुलांकडे बघितलं आणि हसला. ते हसू चेहऱ्यावर खालच्या बाजूलाच होतं. डोळे रस्त्याच्या पाट्यांवरून भराभर फिरत होते, परीक्षेत पेपर कोरा राहिलेल्या मुलासारखे. तिसऱ्या फेरीला सिग्नल हिरवा झाला तरी तो थांबूनच राहिला. मागे चार गाड्या. एकीनेही हॉर्न वाजवला नाही. इथे कुणी वाजवत नाही, लोक शांतपणे वाट बघतात. त्या शांततेत पद्मिनीला कळलं, की इतके महिने त्याला कुणीच काही का सांगितलं नव्हतं.

"तीन!"

"कोण सांगणार रस्ता?" दिगंबर म्हणाला. "जो पहिला बोट दाखवेल तो जिंकला."

सात वर्षांच्या अश्लेषाने पट्ट्यातून पुढे वाकून उजवीकडे बोट दाखवलं. तो लगेच तिकडे वळला. खांदे खाली आले. चार मिनिटांत सभागृह.

उतरताना अश्लेषाने पद्मिनीला जपानीत समजावून सांगितलं, की आजी, तुम्ही होता म्हणून आज पटकन संपलं. नाहीतर खूप होतात. सगळ्यात जास्त किती? अश्लेषाने बोटांवर आठवून बघितलं आणि मराठीत म्हणाली, "अकरा."

दारात सोनल भेटली. लाडू घेतले, वास घेतला, म्हणाली, "काकू, काकांचं काय कौतुक सांगू. मी अजून पाचपर्यंतच शिकवलंय आणि ही तिघं गाडीतच अकरापर्यंत शिकून येतात."

पद्मिनी मान फिरवून गाडीकडे बघायला लागली. सोनलला वाटलं काकूंना भरून आलं.

दुपारी मुलांना परत सोडताना ती पूर्ण रस्ताभर मोठ्याने सांगत राहिली. डावीकडे. सरळ. उजवीकडे. मुलं हिरमुसली, एकही आकडा झाला नाही. त्या रात्री तिने विचारायचं ठरवलं, दुसऱ्या दिवशीही ठरवलं. दिगंबर बोटांनी कागदांच्या सुरकुत्या सारख्या करत बसलेला दिसला की ती स्वयंपाकघरात निघून जायची. रविवार, सोमवार, बुधवार. पुढचा शनिवार जवळ येत होता.


१७.२७

सातवं पाकीट गुरुवारी आलं. या वेळी पत्राबरोबर एक जादा कागद होता, आणि फोटो कुठे बघता येतील त्याचा पत्ता. आधीच्या पत्रांवरही तो पत्ता असणार, तिने पाहिला नव्हता.

फोटो मागून घेतलेले. करडी गाडी, तीच वेस, दगड हळूहळू पिवळे होत गेलेले. काचेतून चालकाचं डोकं दिसत होतं. पहिल्या सहांत एकच डोकं. सातव्यात दोन.

तिच्या जागेवर कुणीतरी बसलेलं होतं.

बराच वेळ ती त्या दुसऱ्या डोक्याकडे बघत राहिली. मग तिने जादा कागद ओढला. त्यावर एकच गोष्ट विचारली होती.

गाडी कोण चालवत होतं?
आडनाव: ____________
नाव: ____________
सही: ____________

तिने पेन उचललं आणि लिहिलं, सबनीस, पद्मिनी. का लिहिलं हे तिला सांगता आलं नसतं. बहुधा एवढंच, की कुठल्या तरी देशातल्या कुठल्या तरी कपाटात हा माणूस हरवला होता असं लिहिलेलं राहू नये. बाई गोंधळली, असं राहिलं तरी चालेल.

दिगंबर मागे कधी येऊन उभा राहिला, तिला कळलं नाही. टेबलावर सात पत्रं ओळीने होती. त्याने ती वाचली नाही. त्याला ती पाठ असावीत.

"हे काय लिहिलंस?"

"कोण चालवत होतं ते विचारलंय."

"तू तर झोपली होतीस."

"त्यांना काय कळतंय."

"तुझ्याकडे तिकडचा परवानाही नव्हता, पद्मिनी. खोट्या कागदावर पहिली तूच सापडशील." तो समोर बसला. खणातून त्याने पट्टी काढली, तिच्या नावावर दोन समांतर रेषा मारल्या आणि त्यांवर आपला छोटा गोल शिक्का उमटवला. जपानी ऑफिसात चूक अशीच दुरुस्त करतात. खोडत नाहीत, पांढरं फासत नाहीत. चूक दिसली पाहिजे आणि ती कुणी दुरुस्त केली तेही दिसलं पाहिजे. वरच्या मोकळ्या जागेत त्याने इंग्रजी मोठ्या अक्षरांत सुवाच्य लिहिलं, सबनीस, दिगंबर. सही केली.

"सातव्यात शेजारी कोण आहे?" तिने विचारलं.

"म्हातारा," तो म्हणाला. "कुत्रं मागच्या सीटवर होतं."

मग तो सांगायला लागला, ऑफिसात अडचण सांगतात तसा, क्रमाने. दुकान खरंच बंद होतं. रस्त्याकडेला स्ट्रॉबेऱ्या घेतल्या, परत निघाला. पहिल्या दोन वेळा वाटलं, वळण चुकलं. तिसऱ्यांदा वेस आली तेव्हा गाडी बाजूला घेतली आणि शेतघराचं नाव आठवायला लागला. नाव आलं नाही. मग आपण कुठल्या देशात आहोत ते आठवायला लागला.

"तेही नाही आलं," तो म्हणाला. "मांडीवर स्ट्रॉबेऱ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघत होतो. मला त्या आवडत नाहीत, एवढं माहीत होतं. म्हणजे दुसऱ्या कुणासाठी तरी घेतल्यात. म्हणजे कुणीतरी आहे. त्या कुणालातरी शोधत मी फिरत होतो."

पद्मिनीने टेबलाची कड धरली.

चौकातल्या म्हाताऱ्याने गाडी सहा वेळा जाताना पाहिली होती. सातव्या वेळी तो वेशीबाहेर रस्त्यातच येऊन उभा राहिला. दार उघडून कुत्र्याला मागे घातलं, स्वतः पुढे बसला. किल्लीला शेतघराच्या नावाचा लाकडी तुकडा होता, तो वाचला. वेशीतून आत गेल्यावर आधी दुकानाशी थांबवून औषध घ्यायला लावलं. चिठ्ठी दिगंबरच्या खिशात होती. मग हाताने, सरळ. हलकेच डावीकडे. तळवा खाली दाबून, थांब. शेतघराच्या फाटकाशी उतरला आणि कुत्र्याला घेऊन डोंगर चढून चालत परत गेला. काही विचारलं नाही.

"मला का नाही सांगितलंत?"

"दुसऱ्या दिवशी सगळं लख्ख होतं. तू शेजारी होतीस. मला वाटलं, उन्हाने झालं असेल."

"आणि मुलं?"

तो पट्टीशी चाळा करत राहिला.

"पहिल्यांदा झालं तेव्हा घाम फुटला मला. आणि मागून अश्लेषा म्हणाली, एक. हसत म्हणाली. मग बाकीची दोघं. ती हसत होती म्हणजे मी हरवलो नव्हतो ना. खेळत होतो."

बाहेर पाच वाजले. गावातल्या भोंग्यावर रोज लागते ती धून लागली. मुलांनी घरी जावं म्हणून लावतात. दोघांनी ती संपेपर्यंत ऐकली.

"परवा शनिवार आहे," पद्मिनी म्हणाली.

"हो."

"अहो, परवा शनिवार आहे."

"सोनलला मीच सांगतो," दिगंबर म्हणाला. त्याने फोन उचलला आणि सांगताना उभा राहिला. कारण डोळ्यांचं दिलं नाही, पाठीचंही दिलं नाही. म्हणाला, "मला रस्ते आठवत नाहीत. मुलांना माझ्याबरोबर पाठवू नका." पलीकडून सोनल काय म्हणाली ते पद्मिनीला ऐकू आलं नाही.


वेळेची नोंद नाही

मधे पाच आठवडे गेले. दवाखान्याच्या तीन फेऱ्या झाल्या, डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ते दिगंबरने वहीत लिहून घेतलं आणि वही कुठे ठेवली आहे ते दुसऱ्या वहीत. पद्मिनीने ड्रायव्हिंग शाळेत नाव घातलं. लायसन्स आहे पण गाडी येत नाही, अशा लोकांसाठी तिथे वेगळा वर्ग होता. पाच धडे झाले. डावीकडे वळणं जमलं. उजवीकडे वळायचं तर समोरून येणाऱ्या गाड्यांतून वाट काढावी लागते. तिथे ती ब्रेकवरचा पाय उचलायचीच नाही.

लायसन्स परत द्यायला पोलीस ठाण्यात स्वतः जावं लागतं. जाताना तो चालवणार आणि येताना ती, असं ठरलं. तिला ते पसंत नव्हतं, पण त्याने एवढंच मागितलं होतं. दहा मिनिटांच्या रस्त्यावर तिने प्रत्येक वळण आधी सांगितलं. त्याने गाडी रेषांच्या मधोमध लावली, उतरून चारही बाजूंनी पाहिली, पुन्हा बसून पाऊणेक वीत मागे घेतली.

खिडकीशी बसलेली पोलीस बाई केतकीच्या वयाची होती. तिने लायसन्स दोन्ही हातांनी घेतलं. इतकी वर्षं अपघाताविना गाडी चालवलीत, आभारी आहोत, असं म्हणून वाकली. आठवण म्हणून जुनं लायसन्स हवं असेल तर भोक पाडून देतो, म्हणाली.

दिगंबरने हवंय म्हटलं. मग ऑफिसातल्या अतिनम्र जपानीत त्याने विचारलं, की गैरसोय होणार नसेल तर भोक सोनेरी पट्टी सोडून पाडता येईल का.

बाई आत गेली. वरिष्ठांशी काही बोलली. दोघं मिळून लायसन्स प्रकाशात धरून बघत होते. परत येऊन तिने यंत्राच्या जबड्यात कार्ड ठेवलं, काढलं, केसभर सरकवलं, पुन्हा ठेवलं.

खट्.

भोक पट्टीच्या खाली पडलं होतं. दिगंबरने कार्डावरून अंगठा फिरवला आणि ते खिशात नेहमीच्याच जागी ठेवलं.

बाहेर येऊन तो उजव्या दाराशी गेला. दार उघडून उभा राहिला. मग बाजूला झाला आणि पद्मिनीला आत बसू दिलं. गाडीला वळसा घालून तो पलीकडे गेला. तिची जागा त्याला पुढे सरकवलेली वाटली; गुडघे आखडून बसला, पट्टा लावला, मांडीवर हात ठेवले. तिथे नकाशा असायचा.

पद्मिनीने आरसे तीनदा बघितले. गाडी रस्त्यावर आली. डावीकडे. सरळ. घराकडे जायला कोपऱ्यावरच्या कोनबिनीपाशी उजवीकडे वळायचं होतं. सिग्नल हिरवा होता. समोरून गाड्या येत होत्या, एकामागून एक, आणि तिला मधे जागा दिसेना. मागे कुणीतरी शांतपणे थांबलं होतं. तिने चाक सोडलं नाही, ब्रेकवरचा पाय सोडला, आणि गाडी सरळ पुढे गेली. पुढे डावीकडे घेतली. पुन्हा डावीकडे. पुन्हा डावीकडे, म्हणजे तिसऱ्या वळणाने आपण आडव्या रस्त्यावरून घराकडे तोंड करून येऊ, असं शाळेत शिकवलेलं. पण तिसरं वळण तिने एक गल्ली पुढे जाऊन घेतलं, मग चौथं घेतलं, आणि समोर पुन्हा तोच कोपरा आला, कॉफीचा झेंडा, काचेत मासिकं चाळणारा तोच माणूस.

"एक," शेजारून दिगंबर म्हणाला.

तिने त्याच्याकडे बघितलं नाही. शिकवणाऱ्याने सांगितलं होतं, काही झालं तरी नजर रस्त्यावर. समोरून गाड्या येतच होत्या. तिने पुन्हा सरळ घेतली, आणि मग डावीकडे, डावीकडे. खूप हळू. त्याचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला होता, तळवा खाली करून, हलकेच दाबत.

झेंडा आला.

"दोन," तो म्हणाला.